डबीवरची बारीक अक्षरे : प्रसाधने निवडायला शिकताना

माझ्या लग्नाला चार महिने राहिले होते, तेव्हा शेजारच्या काकूंनी आईला एका क्रीमचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. "रात्री झोपताना लाव म्हणावं, महिन्याभरात रंग उघडतो," असे त्या म्हणाल्या. आईने कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून ती ट्यूब आणली. दुकानदाराने डॉक्टरांचे पत्र मागितले नाही आणि आम्हालाही ते विचारण्यासारखे वाटले नाही. खरोखरच तीन आठवड्यांत मुरूम गेले, गालांवरचे डाग पुसट झाले आणि लग्नात प्रत्येकाने माझ्या चेहऱ्याची वाहवा केली. साहजिकच मी ते क्रीम पुढेही लावत राहिले. एकूण १४ महिने लावले.

नंतर एकदा माहेरी जाताना ट्यूब सासरीच राहिली. पाचव्या दिवशी सकाळी गॅससमोर भाकरी थापायला उभी राहिले आणि दोन्ही गालांची अशी आग सुरू झाली, की परातीतले पीठ तसेच टाकून मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. आरशात पाहिले तर गाल लालबुंद झाले होते, त्यांवर बारीक पुरळ आले होते आणि हनुवटीवर पूर्वी कधी नव्हती अशी लव दिसत होती. त्वचारोगतज्ज्ञांनी ती ट्यूब मागवून घेतली, उलटी केली, तिच्यावर मोबाइलचा उजेड पाडला आणि मला म्हणाल्या, "हे वाचा." हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन अशी तीन नावे तिथे छापलेली होती. यातले तिसरे स्टेरॉइड होते. १४ महिने रोज रात्री ती अक्षरे माझ्या हातात होती आणि मी ती एकदाही वाचली नव्हती.

चेहरा पूर्वपदावर यायला जवळजवळ वर्ष गेले. त्या वर्षात मी डॉक्टरांना विचारून, वाचून आणि मैत्रिणींच्या घरातल्या डब्या उलट्यासुलट्या करून जे शिकले, ते पहिल्यांदाच प्रसाधने निवडणाऱ्या किंवा नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्या बायकामुलींसाठी इथे क्रमाने मांडते आहे. मी डॉक्टर नाही. त्यामुळे उपचार कोणते घ्यावेत हे मी सांगणार नाही, पण दुकानात, पार्लरमध्ये आणि घरच्या आरशासमोर काय पाहायचे हे नक्की सांगू शकते.

सुरू करण्यापूर्वी जवळ ठेवायच्या वस्तू

- मोबाइलचा कॅमेरा किंवा भिंग. लेबलावरची अक्षरे नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसत नाहीत. फोटो काढून तो मोठा केला की वाचता येतात.
- एक वही. तिच्यात उत्पादनाचे नाव, ते कधी उघडले ती तारीख आणि काही त्रास झाल्यास त्याची नोंद करावी.
- बाहेरचे खोके आणि खरेदीची पावती. घटकांची यादी पुष्कळदा खोक्यावरच असते आणि आपण तेच आधी फेकतो.
- एक कायमच्या शाईचे पेन, उघडल्याची तारीख डबीवरच लिहिण्यासाठी.

१. आपल्याला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवा

ही पायरी बहुतेक जणी वगळतात, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. मेकअप करणे आणि चेहऱ्याचा रंग बदलू पाहणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मेकअप रात्री धुऊन टाकता येतो. रंग बदलण्याचा प्रयत्न मात्र त्वचेच्या आत शिरून होतो आणि आजवर वाचलेल्या व पाहिलेल्या गंभीर इजांपैकी बहुतेकींची सुरुवात तिथूनच झालेली आहे.

आपल्याकडे मुलीच्या रंगाची चर्चा ती पाळण्यात असल्यापासून होते. स्थळे पाहताना "निमगोरी", "गव्हाळ", "सावळी पण नाकीडोळी नीटस" अशी प्रतवारी लागते आणि त्यातल्या त्या "पण" शब्दाने किती मुलींना आरशासमोर रडवले असेल, याची गणती नाही. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध गोरेपणाच्या क्रीमच्या नावातून "फेअर" हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले. ज्या वातावरणात आपण वाढलो, त्यात गोरेपणाची ओढ वाटणे हा कोणा एकीचा दोष नाही. मात्र दुकानात जाण्यापूर्वी स्वतःला हे विचारावे : मला मुरूम कमी करायचे आहेत का, वांग पुसट करायचे आहेत का, कोरडेपणा घालवायचा आहे का, की कोणाच्या तरी बोलण्यामुळे मला अख्खा चेहराच बदलावासा वाटतो आहे? पहिल्या तीन प्रश्नांना उपाय आहेत. चौथ्यासाठी जे क्रीम मिळते, त्यात काय असते ते पुढे सांगितलेच आहे.

याच्या उलट, लिपस्टिक लावणारी किंवा डोळे रेखणारी बाई उथळ असते, हा समजही मला मान्य नाही. माझी आत्या ३० वर्षे शाळेत शिकवत होती आणि पावडर, काजळ व ठसठशीत कुंकू लावल्याशिवाय ती वर्गात कधी गेली नाही. तिच्या दृष्टीने ती दिवसाची तयारी होती. असा आनंद प्रत्येकीला मिळावा, म्हणूनच तो कशातून मिळतो हे तपासायचे.

२. घरातली सगळी प्रसाधने एका जागी मांडा

एखाद्या रविवारी कपाट, न्हाणीघर, पर्स आणि देवघराजवळचा कुंकवाचा करंडा असे सगळीकडून गोळा करून सगळे जुन्या चादरीवर मांडावे. पर्समध्ये विसरलेल्या लिपस्टिक आणि कोणीतरी परदेशातून आणलेल्या नमुन्याच्या बाटल्याही सोडू नयेत. मग पुढील वस्तू बाजूला काढाव्यात :

- ज्यांच्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता नाही, अशा सगळ्या डब्या. पार्लरमधून मोकळ्या डबीत भरून दिलेली क्रीमेही यातच येतात.
- मुदत संपलेल्या वस्तू. झाकण उघडलेल्या बरणीचे छोटे चित्र आणि त्यात "१२ एम" असे छापलेले असेल, तर उघडल्यापासून १२ महिन्यांत ती वस्तू वापरून संपवायची असते.
- डोळ्यांचा मस्कारा किंवा पातळ आयलायनर उघडून तीन ते सहा महिने झाले असतील तर तो, वास आला नसला तरीही. डोळ्यांना लागलेली कांडी पुन्हा आत जाते आणि जंतू तिथे वाढतात.
- औषधाच्या दुकानातून आणलेली, पण डॉक्टरांनी तुम्हाला लिहून न दिलेली प्रत्येक ट्यूब.

शेवटच्या गटातल्या ट्यूबा लगेच फेकू नयेत. त्या कशासाठी लागतात, हे चौथ्या आणि दहाव्या पायरीत येईल.

३. लेबल वाचण्याची सवय लावा

भारतात प्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. त्यांनुसार लेबलावर उत्पादनाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि कधीपर्यंत वापरावे ती मुदत असावी लागते. परवान्याचा क्रमांक बहुधा "एम. एल. नंबर" अशा इंग्रजी आद्याक्षरांनी लिहिलेला असतो. आयात केलेल्या मालावर याच्या जोडीला आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. एखाद्या परदेशी भाषेतल्या सुंदर खोक्यावर भारतीय आयातदाराची चिकटपट्टी नसेल, तर तो माल तपासणीच्या वाटेने आलेला नाही असे समजून तो दुकानातच ठेवून यावे.

आता घटकांची यादी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात आणि त्यानंतर एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. हा एक नियम कळला की जाहिरातीतले पुष्कळ काही आपोआप गळून पडते. खोक्यावर केशराचे मोठे चित्र असते आणि यादीत केशराचा अर्क सुगंध व रंग यांच्याही मागे, शेवटून दुसरा असतो. मी सुरुवातीला यादीतली पहिली पाच नावे तेवढी वाचत असे, कारण डबीतला बहुतेक ऐवज तोच असतो. पुढे त्रास देणारे घटक शोधण्यासाठी शेवटची पाचही वाचू लागले, कारण संरक्षके (वस्तू खराब होऊ न देणारी द्रव्ये) आणि सुगंध तिथे असतात.

इथे एक अडचण आहे. ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट पदार्थाच्या आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रवाच्या लहान पॅकवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नसते. लिपस्टिक, काजळकांडी, टिकलीचे पाकीट यांवर यादी का सापडत नाही, याचे हे एक कारण. अशा वेळी उत्पादकाच्या संकेतस्थळावर संपूर्ण यादी दिलेली आहे का ते पाहावे. जी कंपनी ती देत नाही, तिची वस्तू मी घेत नाही.

४. पारा, स्टेरॉइड आणि मनाने लावलेले हायड्रोक्विनोन : यांना घरात जागा देऊ नका

पाऱ्याचे क्षार त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतात. त्यामुळे चेहरा झपाट्याने उजळतो आणि नेमका हाच वेग पाहून बायका अशा क्रीमवर विश्वास ठेवतात. पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मुख्यतः मूत्रपिंडांवर आघात करतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातील एका घरातल्या माय-लेकी अशा तिघींच्या मूत्रपिंडांच्या विकाराची बातमी वर्तमानपत्रांत आली होती. त्या तिघीही पार्लरमधून मिळालेले एकच क्रीम लावत होत्या आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही त्याच वर्षी उजळपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. पायांवर सूज येणे आणि लघवीला फेस येणे या दोन खुणा अशा क्रीमच्या वापरात दिसल्या, तर तपासणीला एक दिवसही उशीर करू नये.

आपल्या नियमांनुसार प्रसाधनांत पाऱ्याची संयुगे घालायला बंदी आहे. नकळत राहून गेलेला पाराही दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. २०२० च्या नियमांत अपवाद फक्त डोळ्यांच्या भागासाठीच असलेल्या प्रसाधनांचा होता आणि तिथे ही मर्यादा ७० भागांची ठेवली होती. म्हणूनच बेकायदा क्रीमच्या डबीवर पाऱ्याचे नाव सहसा नसतेच. क्वचित "कॅलोमेल", "मर्क्युरस क्लोराइड" किंवा "मर्क्युरिओ" असे शब्द दिसतात. "सोने, चांदी व ॲल्युमिनियमपासून दूर ठेवा" अशी सूचना दिसली, तर ती पाऱ्याचीच खूण समजावी, कारण पारा या धातूंना धरतो. तुमचे साधे क्रीम हाताच्या बांगडीला लागले तर काय बिघडणार आहे? ज्याने बिघडते ते चेहऱ्यावर कशाला लावायचे? घरात असे क्रीम एकीने लावले तरी टॉवेल, उशीचे अभ्रे आणि जवळ घेतलेले मूल यांच्यापर्यंत ते पोचते, हेही लक्षात ठेवावे.

स्टेरॉइडची गोष्ट माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर घडलेली आहे. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, डेक्सामेथासोन ही नावे वहीत लिहून ठेवावीत. ही वाईट औषधे नाहीत. इसब किंवा सोरायसिससारख्या विकारांत डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात आणि त्यांचा चांगला उपयोग होतो. मात्र चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम व लव वाढते, आणि क्रीम थांबवताच आग होऊन चेहरा लाल होतो. तो लालपणा घालवण्यासाठी बाई पुन्हा तेच क्रीम लावते आणि चक्र सुरू राहते. त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव द्यावे लागावे, इतक्या जणी आपल्या देशात यातून गेल्या आहेत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशी तरतूद केली. ट्यूबवर "आरएक्स" ही खूण दिसली, की ते प्रसाधन नसून औषध आहे, एवढे समजून घ्यावे आणि दुकानदाराने आपणहून पुढे केले तरी नाकारावे.

हायड्रोक्विनोन हे वांगावरचे औषध आहे. ते डॉक्टर मर्यादित काळ, देखरेखीखाली देतात. मनाने लांबवल्यास उलट निळसर-काळे डाग पडू शकतात आणि ते घालवणे फार कठीण असते.

सध्या असे एखादे क्रीम तुम्ही लावत असाल, तर हे वाचून घाबरून जाऊ नका. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. ते एकदम थांबवायचे की हळूहळू कमी करायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.

५. संरक्षके आणि सुगंध यांच्याकडे न घाबरता पाहा

"केमिकलमुक्त" असे छापलेली बाटली मी ठेवून देते, कारण पाणीसुद्धा रसायनच आहे आणि ज्याने हे छापले त्याला एक तर ते ठाऊक नाही किंवा आपल्याला ते ठाऊक नाही असे तो गृहीत धरतो. ज्या क्रीममध्ये पाणी आहे त्यात संरक्षक असावेच लागते, नाहीतर त्यात बुरशी आणि जंतू वाढतात. पॅराबेन या संरक्षकांविषयी पुष्कळ भीती आहे. युरोपीय संघाने २०१४ मध्ये त्यांतील पाच प्रकारांवर बंदी घातली, पण मिथाइल आणि इथाइल पॅराबेनसारखे प्रकार मर्यादित प्रमाणात आजही तिथे चालतात. तेव्हा "पॅराबेनविरहित" या शब्दावर भाळण्यापेक्षा त्याच्या जागी काय घातले आहे, ते पाहावे.

ॲलर्जीच्या दृष्टीने मला जास्त सावध राहावेसे वाटते ते मिथाइलआयसोथायाझोलिनोन या संरक्षकाबाबत. चेहऱ्यावर लावून ठेवायच्या वस्तूंत युरोपमध्ये त्याला बंदी आहे. डीएमडीएम हायडँटॉइन, क्वाटर्नियम-१५ आणि इमिडाझोलिडिनिल युरिया ही संरक्षके फॉर्मल्डिहाइड हे त्वचेला त्रास देऊ शकणारे रसायन थोडे थोडे सोडतात. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे, त्यांनी ही नावेही टिपून ठेवावीत.

यादीत "फ्रॅग्रन्स" किंवा "परफम" असा एकच शब्द असतो, पण त्यामागे डझनावारी सुगंधद्रव्ये असू शकतात. त्वचा नाजूक असेल तर बिनवासाची वस्तू घ्यावी. गरोदर असाल किंवा मूल होऊ देण्याच्या विचारात असाल, तर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन आणि हायड्रोक्विनोन टाळावे व प्रत्येक सीरम डॉक्टरांना दाखवूनच लावावे.

६. टिकली, कुंकू, काजळ, मेंदी आणि केसांचा रंग

त्वचेच्या काळजीविषयीच्या बऱ्याच लेखांत या वस्तू नसतात, आणि आपल्या घरांत तर वर्षानुवर्षे रोज लागणाऱ्या याच आहेत.

टिकलीमागच्या गोंदात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचे द्रव्य असू शकते. ते त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींना मारते आणि कपाळाच्या मधोमध टिकलीएवढाच पांढरा डाग पडतो. माझ्या मावशीला तो पडला, तेव्हा घरच्यांनी कोड समजून कितीतरी दिवस तो लपवला आणि लपवण्यासाठी तिला आणखी मोठी टिकली लावायला सांगितली. डागाच्या जागी टिकली लावणे ताबडतोब बंद करावे, रात्री ती काढूनच झोपावे आणि खाज किंवा पांढुरकेपणा दिसताच डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीला थांबवले तर रंग परत येण्याची शक्यता अधिक असते.

कुंकू मूळचे हळदीचे. हळदीला चुना किंवा दुसरा क्षार मिळाला की ती लाल होते. सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावच्या आणि पंढरपूरच्या कुंकवाचे नाव घरोघर आहे, मात्र बाजारातले प्रत्येक लालभडक कुंकू हळदीचेच असते असे नाही. कृत्रिम रंगांमुळे कपाळ काळवंडते किंवा खाजते. भांगात भरायच्या शेंदरी रंगाच्या पुडीबाबत आणखी जपावे, कारण शेंदूर म्हणजे मूळचे शिशाचे संयुग आहे. आजीच्या पिढीतल्या बायका मेण लावून त्यावर कुंकू लावत. टिकलीचा गोंद ज्यांना सोसत नाही, त्यांनी ही रीत थोड्या जागेवर तपासून पाहायला हरकत नाही.

काजळाच्या बाबतीत सुरम्यापासून लांब राहावे, कारण पारंपरिक सुरमा शिशाच्या खनिजापासून बनतो. दिव्याच्या काजळीत तूप घालून घरी केलेले काजळ शिशाचे नसते, पण ते निर्जंतुकही नसते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत कोणतेच काजळ घालू नये, हे घरातल्या मोठ्यांना समजावणे अवघड जाते. आमच्याकडे तीट बाळाच्या तळपायाला लावायची, या तडजोडीवर सासूबाई राजी झाल्या.

मेंदीचा नैसर्गिक रंग नारिंगी ते तपकिरी-लाल असतो आणि तो चढायला वेळ लागतो. जी मेंदी अर्ध्या-पाऊण तासात काळी होते, तिच्यात पॅराफेनिलिनडायअमाइन म्हणजे पीपीडी मिसळलेले असू शकते. हेच द्रव्य केसांच्या काळ्या रंगात असते. एकदा त्याची ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, त्यामुळे विसाव्या वर्षी लावलेली काळी मेंदी चाळिसाव्या वर्षी केस रंगवताना चेहरा आणि पापण्या सुजवू शकते. पीपीडी असलेल्या केसांच्या रंगावर आधी चाचणी करण्याची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे, कारण डोळ्यांत गेल्यास अंधत्वही येऊ शकते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास वाट पाहावी आणि ती चाचणी दर वेळी करावी. पार्लरमध्ये घाई असते म्हणून ती टाळू नये.

७. "घरगुती" म्हणजे "सुरक्षित" असे धरून चालू नका

लिंबाचा रस चेहऱ्यावर चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग उरतात. खाण्याचा सोडा क्षारीय आहे, तर आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे सोड्याने तिचे संरक्षक आवरण बिघडते. टूथपेस्ट मुरमांवर लावू नये. डाळीचे पीठ, दूध किंवा दिवाळीचे उटणे बहुतेकींना सोसते, पण मुरूम फुटलेले असताना ते खसखसून चोळू नये. खोबरेल तेल अंगाला उत्तम आहे, मात्र तेलकट चेहऱ्यावर ते मुरूम वाढवू शकते. आयुर्वेदिक म्हणून विकत घेतलेल्या लेपावरही परवाना क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता पाहावाच.

८. नवी वस्तू एका वेळी एकच आणा आणि तपासून वापरा

कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर ती वस्तू दिवसातून दोनदा, निदान सात दिवस लावावी. लाली, खाज किंवा पुरळ आले नाही, तर मग चेहऱ्याच्या कडेला, कानाजवळ तीन-चार दिवस लावून पाहावी. फेसवॉशसारखी धुऊन टाकायची वस्तू त्या जागी तासन्‌तास ठेवू नये. ती जशी वापरायची असते तशीच वापरून तपासावी. एकाच आठवड्यात तीन नव्या वस्तू सुरू केल्या आणि चेहरा बिघडला, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. ही चूक मी बरी झाल्यानंतरसुद्धा एकदा केली आणि तीनही बाटल्या फुकट गेल्या.

९. रोजचा क्रम थोडकाच ठेवा

सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन एवढे पहिले तीन महिने पुरते. चेहरा धुतल्यावर त्वचा ताणून चरचरत असेल, तर तो स्वच्छतेचा पुरावा नाही, फेसवॉश तीव्र आहे. साध्या मॉइश्चरायझरमध्ये ग्लिसरीन, सिरॅमाइड किंवा पेट्रोलेटम असले तर पुरे आहे.

सनस्क्रीनवर एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, ३० किंवा त्याहून अधिक असावा. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि एसपीएफ ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण अडवते. म्हणजे आकडा वाढवण्यापेक्षा पुरेसे लावण्याला जास्त महत्त्व आहे. तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीएवढ्या दोन रेघा चेहरा आणि मानेला लागतात, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. वांग असलेल्यांनी लोह ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतात. चेहरा पांढरा दिसतो म्हणून अर्धेच लावणाऱ्यांनाही ते सोयीचे पडते.

मेकअप याच्यावर येतो. ब्रश आणि स्पंज आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने धुऊन सावलीत वाळवावेत. लिपस्टिक आणि काजळ सख्ख्या बहिणीलाही वापरायला देऊ नये. लग्नाच्या मेकअपसाठी पार्लर ठरवताना कोणती उत्पादने वापरणार, हे विचारून त्यांची चाचणी आठ दिवस आधी करून घ्यावी आणि नवे फेशियल किंवा ब्लीच ऐन लग्नाच्या आठवड्यात करू नये.

माझी भाची १३ वर्षांची आहे आणि तिने खाऊच्या पैशातून रेटिनॉलचे सीरम मागवले होते. त्या वयाच्या त्वचेला सुरकुत्यांवरचे घटक नकोत. तिच्यावर न रागावता मी तिला लेबल वाचायला शिकवले आणि आता मैत्रिणींच्या बाटल्या तीच वाचून दाखवते.

१०. त्रास झालाच तर

आधी सगळे थांबवावे आणि चेहरा साध्या पाण्याने धुवावा. दुसरे काही चोपडू नये. ओठ-पापण्या सुजल्या, श्वास लागला किंवा डोळ्यांत काही गेले, तर थेट रुग्णालय गाठावे. इतर वेळी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना बरोबर न्यावे :

- चेहऱ्याला, केसांना आणि कपाळाला लागणारी प्रत्येक वस्तू, खोक्यासकट. दुसऱ्या पायरीत बाजूला काढलेल्या ट्यूबा यासाठीच ठेवायच्या.
- कोणती वस्तू कधी सुरू केली, याची वही.
- त्रास सुरू झाल्यापासूनचे चेहऱ्याचे फोटो, शक्यतो खिडकीच्या उजेडात आणि फिल्टर न लावता काढलेले.
- सुरू असलेल्या इतर औषधांची यादी.

नेमकी ॲलर्जी कशाची हे कळत नसेल, तर डॉक्टर पॅच टेस्ट सुचवतात. त्यात पाठीवर ठरावीक द्रव्यांच्या पट्ट्या लावतात, ४८ तासांनी काढतात आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. तेवढे दिवस पाठ ओली करायची नसते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात ती करायची झाल्यास सुटी पाहून ठरवावी.

लेबल नसलेले किंवा संशयास्पद क्रीम विकले जात असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देता येते. फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. स्टेरॉइडसारख्या औषधाचा दुष्परिणाम नोंदवायचा असेल, तर १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवता येते. तक्रारीबरोबर पावतीची प्रत, डबीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, बॅच क्रमांक आणि डॉक्टरांचे पत्र जोडावे. डबीत थोडे क्रीम उरलेले असेल तर ती तशीच झाकण लावून पिशवीत बंद करून ठेवावी आणि ती मुलांच्या हाती लागणार नाही असे पाहावे, कारण प्रयोगशाळेत तपासायला तेच लागते. माझ्या बाबतीत दुकानदाराने पावती दिली नव्हती आणि मीही ती मागितली नव्हती, त्यामुळे माझी तक्रार पहिल्या कागदापुढे सरकली नाही.